दगडू कप्तानाचं आरमार

आमच्या गावापासून समुद्र चांगला शंभर-सव्वाशे मैल लांब. तरी समुद्राची गाज मी पहिल्यांदा ऐकली ती त्या गावातच, नावघाटावरच्या चिंचेखाली. दुपारची भाकरी पोटात गेली की दगडू भोई तिथे उताणा पडून घोरायचा. आधी लांबून लाट उठायची, मग ती जवळ यायची, मग खडकावर आपटायची, आणि मधेच अशी काही शांतता पसरायची की पाण्यावर बसलेले बगळे मान वळवून बघायचे. मी तेव्हा तिथे शाळामास्तर होतो. शहाद्याहून नंदुरबारला जाणाऱ्याला तापी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि ओलांडायची तर आमच्या घाटावरून, म्हणून गाव कळकट असलं तरी जगाच्या रस्त्यावर होतं. मी जे सांगणार आहे त्यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. जिथे जिथे अक्षरं जास्त वाटतील, ती कप्तानाची समजावीत.

दगडू नावाचा माणूस पाण्यावर गेला आणि तरंगत परत आला, इथूनच त्याच्याबद्दलच्या नवलाला सुरुवात होत असे. विशीत तो घरून पळाला, नंदुरबार स्टेशनावर सुरतेची गाडी पकडली, सुरतेहून मुंबई, आणि मुंबईहून सरकारच्या लढाऊ बोटीवर. बारा-चौदा वर्षांनी परत आला तेव्हा अंगावर निळा डगला, डोक्यावर चोच नसलेली गोल टोपी आणि चालण्यात असा काही झोक, की गावच्या गल्लीतून तो निघाला की गल्लीच हलते आहे असं बघणाऱ्याला वाटे. समोरून येणारे बैलसुद्धा पाय फाकवून उभे राहत. घराबाहेर पडताना तो आधी ओलं बोट वर करी आणि जो दिसेल त्याला विचारी, “हवा कोठली शे?” मला पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “हवा बरी आहे.” त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मुलांना भूगोल शिकवायला मी पुढचे दोन आठवडे बिचकत होतो.

तो राहायचा त्याच्या थोरल्या बहिणीकडे, झिंगाबाईकडे. घाट तिचा. नवरा वारल्यावर भल्या भल्या भोयांना बाजूला सारून तिने सुकाणू हातात घेतलं ते घेतलंच. काळी, उंच, हाताची नखं वल्ह्याच्या लाकडासारखी. तिला नाव चालवताना पाहिलं की वाटे, नदीच तिच्या घरची सून आहे आणि सासूच्या डोळ्यापुढून वाकडं जायची तिची हिंमत नाही. अशी ही बाई भावापुढे मात्र टेकीला यायची. कारण चूल पेटवायची म्हटलं की दगडू फावडं घेऊन यायचा. चुलीपासून तीन पावलांवर उभा राहायचा, पाय रोवायचा, सपाट्याने फावडं मागे न्यायचा आणि फावडंभर तुराट्या अशा फेकायचा, की त्यातली एकही चुलीबाहेर पडायची नाही. एवढं झालं की ओरडायचा, “आक्का, बोयलर थंड पडी ऱ्हायना!”

“मुडदा, भाकर शे ती, आगबोट नही!” झिंगाबाई धुरातून ओरडायची.

त्या घरातली भाकरी मी खाल्लेली आहे. एका बाजूने ती भाकरी असे, दुसऱ्या बाजूने पाटी. खडू असता तर मी तिच्यावर उजळणी लिहिली असती.

पण लोक जमायचे ते चाच्यांसाठी. नाव भरेपर्यंत उतारू चिंचेखाली बसत, आणि तेवढ्यात कप्तान चीनचा दर्या घाटावर आणून ओते. तिकडे म्हणे पाचशे-पाचशे उतारू घेऊन जाणाऱ्या बोटींवर चाचे पडत. कसे पडत? दुसऱ्या जहाजातून दोर टाकून? छे!

“तो चाचा दिसाले चाचा नही दिसस,” कप्तान आवाज खाली आणायचा. “तो टिकीट काढीसन येस. पेटी लिसन येस. सलाम करस. म्हातारीले हात दीसन वर चढावस. भर दर्यामा बोट उनी का पेटीमातून पिस्तूल निंघस. म्हनून सांगस, जो भलता गोड बोलस ना, तोच चाचा!”

मग खबर लागायची, मग कप्तानाची लढाऊ बोट धूर सोडत धावायची, मग एक तोफ उडायची, आणि चाचे पटापट पाण्यात. किती? हे ऐकणाऱ्यांवर अवलंबून असे. शाळेतली मुलं असली तर बारा. शहाद्याचे व्यापारी असले तर तीस. एकदा लोणखेड्याचे चार पैलवान बसले होते, तेव्हा दोनशे वीस मेले आणि कप्तानाने त्यातले निम्मे हाताने मारले. मी एकदा हळूच विचारलं, “कप्तान, परवा तर साठच होते.” तो म्हणाला, “मास्तर, परवा धुकं व्हतं.”

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि त्या वर्षी थंडीच्या दिवसांत आमच्याच नदीवर दरोडे सुरू झाले.

एकामागून एक तीन वेळा नाव लुटली. पलीकडच्या बाभुळबनातून माणसं यायची, नाव काठाला लागली की कुऱ्हाडी दाखवायची, बायकांच्या अंगावरचं उतरवून घ्यायची आणि पसार. तिसऱ्या लुटीनंतर कचेरीतून कागद आला. तो वाचून दाखवायला झिंगाबाईने मलाच बोलावलं. कागद सरळ होता. आणखी एकदा उतारू लुटले गेले तर या घाटाचा परवाना रद्द, आणि नाव वरच्या अंगाला, दुसऱ्या गावच्या दुसऱ्या माणसाकडे. बंदोबस्ताला एक हवालदार आणि दोन शिपाई येतील, त्यांची जेवणाची सोय गावाने करावी.

झिंगाबाईने कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि कमरेला खोचला. घाट गेला तर तिच्या हातात काय उरणार होतं? शेत नाही, मूलबाळ नाही. एक भाऊ, आणि तोही असा.

“आक्का, तू घोर करू नको,” कप्तान उठून उभा राहिला. “आते घाट मन्हा ताबामा दे. चाचास्नी खोड कशी मोडतस, ते माले ठाऊक शे.”

“तुन्हा चीन तठेच ऱ्हाऊ दे! मन्हा घाट गया ते मी काय खासू? तुन्ही टोपी?”

पण दुसरा इलाज कुणाकडेच नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवसापासून आमच्या घाटावर आरमार सुरू झालं.

पहिलं काम, सुकाणूभोवती कप्तानाने बांबूचा पिंजरा बांधला. चीनच्या बोटींवर म्हणे लोखंडी गज असतात, चाच्यांना कप्तानापर्यंत पोचता येऊ नये म्हणून. झिंगाबाईला आत बसवायचं आणि दार आतून लावून घ्यायचं. ती आत बसली की जत्रेत आणलेल्या वाघिणीसारखी दिसे, आणि बोलायचीही तशीच. दुसरं काम, मला निशाणी खात्याचा मुख्य नेमलं. माझ्या हाती शाळेची घंटा आणि झिंगाबाईचं एक तांबडं लुगडं देण्यात आलं. घंटा म्हणजे सावध, लुगडं म्हणजे धावा. सरकारी शिक्षकाने लुगडं हलवत उभं राहणं नियमात बसतं का, हे मी कुणाला विचारायला गेलो नाही.

तिसरं काम झडतीचं. चढणाऱ्या प्रत्येकाची. कप्तान स्वतः घ्यायचा आणि मन लावून घ्यायचा. नंदुरबारच्या बाजारातून परतणाऱ्या एका व्यापाऱ्याजवळ लाल मिरचीचं उरलेलं अर्धं पोतं होतं. व्यापारी हात जोडून सांगत होता, “कप्तानभाऊ, मिरची शे, फक्त मिरची.” गोड बोलला, तिथेच फसला. कप्तानाने पोत्याचं तोंड सोडलं आणि पिस्तूल शोधायला खांद्यापर्यंत हात घातला. हाताने समाधान होईना म्हणून डोकंही घातलं. पुढे जे झालं त्याला शिंक म्हणणं म्हणजे तापीला ओहोळ म्हणणं. पहिल्या शिंकेला त्याची टोपी पाण्यात गेली. दुसऱ्या शिंकेला व्यापारी. दोन दिवस कप्तानाला कोण चढलं, कोण उतरलं दिसत नव्हतं. डोळ्यांवर ओलं फडकं बांधून तो घाटावर बसायचा आणि वासाने झडती घ्यायचा.

गाव हसायचं. झिंगाबाई हसत नव्हती. पण एक खरं, महिना उलटला तरी लूट झाली नाही. हवालदार आणि त्याचे शिपाई चिंचेखाली झोपून झोपून गुटगुटीत झाले.

आणि मग माघात कळसाडीचं वऱ्हाड आलं.

गुजर पाटलाच्या घरचं लग्न. नवरी तापीपलीकडच्या गावची. तिच्या माणसांच्या गाड्या पलीकडे उभ्या, इकडून नवरदेव, त्याचा बाप, त्याचा मामा, बायाबापड्या, वाजंत्री. रविवार होता म्हणून मी घंटा-लुगड्यासह हजर. कप्तान नवरदेवापाशी आला आणि त्याचे डोळे चमकले. नवरदेवाच्या हातात कट्यार होती.

“हत्यार!” कप्तान ओरडला आणि त्याने ती काढून घेतली.

वऱ्हाडात एकच हलकल्लोळ. “अरे, नवरदेवनी कट्यार शे ती!” नवऱ्याचा बाप पुढे आला. “तिना टोकले लिंबू शे, दिसत नही का तुले?”

“लिंबू शे म्हनीसनच मन्हा वहीम शे,” कप्तान म्हणाला. “चीनमा बी असंच करं व्हतं त्यास्नी. तठे संत्रं व्हतं.”

मामा म्हणजे मिशा, आणि मिशांच्या मागे माणूस. तो थरथरत पुढे आला. “हळद लागेल पोऱ्याना हातमा लोखंड नही ऱ्हायनं ते काय बी लागी जाई त्याले! तू भरी देशी का?”

हे मात्र कप्तानाला पटलं. लोखंड हवं ना? त्याने नावेचा एक वीतभर खिळा आणला, लिंबू कट्यारीवरून काढून खिळ्याला खोचलं आणि अदबीने नवरदेवाच्या हातात दिलं. कट्यार झिंगाबाईच्या पिंजऱ्यात सरकारजमा झाली, पलीकडे उतरल्यावर परत मिळेल या बोलीवर. बाशिंग बांधलेला तो पोरगा खिळा उभा धरून बसला, तो असा, की जणू लग्नाला नाही, सुतारकामाला निघाला आहे. मामाने शपथ घेतली, “हाऊ मानूस नाववर बसना ते मी बसनार नही!” तेव्हा कप्तान काठावर राहील असं ठरलं.

या सगळ्या गोंधळात चार माणसं एक बाज खांद्यावर घेऊन बाजूला उभी होती. बाजेवर घोंगडीत गुंडाळलेला आजारी. चौघांतला एक नम्रपणे म्हणाला, “कप्तानसाहेब, भाऊ फार आजारी आहे हो. नंदुरबारला दवाखान्यात नेतोय. पण तुमचा कायदा आहे, तेव्हा आधी तपासून घ्या.”

मिरचीवाल्याला न सोडणारा कप्तान या शब्दाने विरघळला. घाटावर महिनाभरात त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं आणि झडती कुणी आपणहून दिली नव्हती.

“काय तपासू?” तो म्हणाला. “मरनारले तपासतस का?” आणि बाज उचलून नावेत ठेवायला त्याने स्वतः खांदा दिला.

नाव निघाली. सातपुड्यात कुठेतरी गारा पडल्या होत्या, त्यामुळे पाणी चहासारखं गढूळ होतं. वाजंत्री वाजवत होते. नाव अर्ध्यात पोचली आणि आजारी माणूस बरा झाला. बाजेवर उभाच राहिला. हातात ठासणीची बंदूक. घोंगडीतून तीन-चार कुऱ्हाडी निघाल्या. सनई मध्येच चिरकली आणि थांबली.

मी घंटा वाजवली. लुगडंही हलवलं. दोन्ही एकदम हलवताना लुगडं घंटेत अडकलं, ते जाऊ द्या.

काठावरून सगळं दिसत होतं. दरोडेखोर सुकाणूकडे धावले आणि पिंजऱ्याला अडले. बांबू चिवट होते, दार आतून बंद होतं. बंदुकीची नळी गजांतून आत गेली. मग झिंगाबाईने मान डोलावली आणि नाव बाभुळबनाकडे, खालच्या अंगाला वळली. थोडं गेली आणि थबकली.

तिचा आवाज पाण्यावरून खणखणत आला. “हलू नका रे कोनी! अठे दोन पुरुस खोल पानी शे! भोवरा शे! बांबूले तळच लागत नही!”

मी कप्तानाकडे पाहिलं. कप्तान पांढरा पडला होता. “मास्तर,” तो हळूच म्हणाला, “आक्कानी नाव दांडावर घाली.”

पात्राच्या मध्यावर वाळूचा दांडा होता, खालच्या अंगाला पार बाभुळबनापर्यंत गेलेला. उन्हाळ्यात तिथे भोई काकड्या लावत. त्या दिवशी तिथे पाणी होतं गुडघाभर. हे भोयांना ठाऊक, मला ठाऊक. कळसाडीच्या वऱ्हाडाला आणि त्या पाच जणांना ठाऊक नव्हतं. दरोडेखोर बोलण्यावरून कोरड्या मुलखातले वाटत होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि नावेची कड घट्ट धरली.

तेवढ्यात हवालदार जागा झाला, पगडी सावरत पाण्याशी आला, आणि गुडघा टेकून त्याने बंदूक रोखली. शिपायांनीही. “एकेकाला टिपतो,” तो म्हणाला. “सरकारी काम आहे, बाजूला व्हा कप्तान.”

कप्तान बाजूला झाला नाही. तो नळीच्या पुढे जाऊन उभा राहिला.

“बंदूक खाले करा, हवालदार.”

“अहो, तुम्हीच ना सांगता रोज? चीनमध्ये एक तोफ उडाली आणि चाचे खलास!”

“मी खाले व्हतू,” कप्तान म्हणाला.

“म्हणजे?”

“बोटना पोटमा. बोयलरपाशी. मी आगवाला व्हतू, हवालदार. कोयसा टाकाना, एवढंच काम. माले काय दिसी? वर धाडकन आवाज व्हयना. सर्वास्नी आरोळी दिधी. मंग मी वर उनू.” झोक घेऊन चालणारा तो माणूस एका जागी खुंटासारखा उभा होता. “चाचा पहिलेच होडीमा बशीसन निंघी गयात. पानीमा जितला व्हतात ना, सर्वा टिकिटवाला, उतारू. एक बाईनी मन्हाकडे हात वर करा. माले पोहता येस. पन उडी माराना हुकूम नव्हता.”

शिपायाने बंदूक आपोआप खाली केली.

“ती मन्ही आक्का शे,” कप्तान म्हणाला, “आन त्या चारीस्ले मीच खांदा दिधा. आते मन्हा हुकूम मीच.”

आणि त्याने डगला काढला, तो माझ्या अंगावर फेकला, आणि भोयांना हाक मारली. घाटावर अकरा भोई होते. सत्तरीचे झिपरूबाबा धरून. प्रत्येकाच्या पाठीला पोहायचे वाळलेले दुधी भोपळे बांधायचा हुकूम झाला. कप्तानाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, झिपरूबाबा खुदकन हसले, आणि आरमार पाण्यात शिरलं.

सुरुवातीचा भाग ते खरोखर पोहले. पण दांड्याजवळ जाऊन पाण्याखाली वाळू लागली तसे सगळे गुडघ्यांवर बसले, मग बसल्याचे रांगते झाले. गुडघाभर पाण्यात अकरा बाप्ये पोटावर आडवे, हनुवटीएवढं पाणी, हात असे फडाफडा मारतात की जणू महापूर आला आहे. मधेच झिपरूबाबा गटांगळी खाऊन ओरडत, “आरे, माले धरा! तळ नही लागी ऱ्हायना!” असं आरमार जगाच्या पाठीवर कुठल्याही राजाने कुठल्याही चाच्यावर पाठवलं नसेल. त्यांनी नावेला वेढा घातला.

कप्तानाने पाण्यातून नुसतं डोकं वर काढून बंदूकवाल्याला विचारलं, “राम राम. पोहता येस का?”

“जवळ येऊ नको!” बंदूकवाला म्हणाला.

“मी कोठे ई ऱ्हायनू? भोवरा लई ऱ्हायना माले. तुमी नावमा पाच जन जास्त चढनात, आते नाव भरी ऱ्हायनी. बंदूक वजनी शे, पहिले ती टाका. मंग कुऱ्हाडी.”

बंदूकवाल्याने तसं काही केलं नाही. त्याने हाताशी आलेल्या माणसाची मानगूट धरली. तो होता मिशावाला मामा. “वाट द्या, नाहीतर याला टाकतो पाण्यात!”

माणूस पाण्यात पडला तर काय होणार? उभा राहणार. आणि उभा राहिला की पाणी त्याच्या गुडघ्याला. मग दरोडेखोर खाली उतरणार, बायांच्या अंगावरचं घेऊन चालत बाभुळबनात जाणार. चौथी लूट. घाट गेला.

मामा पाण्यात पडला. आणि पडता पडताच कप्तानाने त्याला पाण्यातच धरून कानात शब्द घातला. तो मी ऐकला नाही, पण नंतर मामानेच साऱ्या मुलखाला सांगितला. शब्द होता, “मामा, बुडा!”

आता ज्या माणसाने आपल्या भाच्याच्या हातची कट्यार काढली, खिळा दिला, ज्याच्याबरोबर नावेत न बसण्याची आपण शपथ घेतली, त्याच्या सांगण्यावरून गुडघाभर पाण्यात बुडायचं का, हा प्रश्न मामापुढे क्षणभर होता. पण गुजर पाटलाचं रक्त हुशार. तो बुडाला. असा बुडाला, की तसं बुडणं खऱ्या बुडणाऱ्यालाही जमणार नाही. एक हात वर, मग दोन हात, मग नुसत्या मिशा. मिशा गेल्या, बुडबुडे आले. बुडबुडे गेले, पागोटं आलं. बायांनी हंबरडा फोडला. कप्तान त्याला वाचवायला गेला आणि सोबत बुडाला, दोघे मिळून तीनदा वर आले, आणि दर वेळी मामाचा आवाज आधीपेक्षा हृदयद्रावक होता, “मन्हा पोरेस्ले सांभाया हो!”

हे चोर होते, खुनी नव्हते. नावेतल्या पाचांचे चेहरे राखेसारखे झाले. त्याच वेळी नवरदेवाने, मामाच्या शोकाने पेटून, खिळ्यावरचं लिंबू उपटलं आणि भिरकावलं. ते बंदूकवाल्याच्या नेमकं डोळ्यावर बसलं. त्या दिवशीच्या आरमारी लढाईत सुटलेली ती एकच गोळी. बंदूक पाण्यात. कुऱ्हाडी मागोमाग. दरोडेखोर हात जोडून म्हणाले, “बाबांनो, आम्हाला काठाला न्या. काय वाटेल ते करा, पण काठाला न्या!”

आरमाराने दया केली. एकेका दरोडेखोराला दोन-दोन भोयांनी उताणं धरून ओढत काठाकडे आणलं. वाटेत एकाने पाय खाली सोडला. पाय टेकला. तो चमकला. त्याने कप्तानाकडे पाहिलं.

“खडक शे,” कप्तान म्हणाला.

काठावर हवालदाराने त्यांच्या हातांना दोर बांधले आणि मग तो बराच वेळ नदीकडे पाहत राहिला, कारण तिकडे झिंगाबाई पदर खोचून नावेतून खाली उतरली होती आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून नाव दांड्यावरून ढकलत होती. हवालदार शहाणा होता. त्याने लिहिलेल्या पंचनाम्यात त्या जागी दोन पुरुष पाणी आहे. त्याला नवी पगडी बक्षीस मिळाली. मामाचं म्हणाल तर तो पुढे कुठल्याही लग्नात नवऱ्याआधी बोलायला उभा राहू लागला, आणि तापीचा तळ आपण डोळ्यांनी पाहिला असं शपथेवर सांगू लागला. यात खोटं काहीच नव्हतं. नवरदेवाला कट्यार परत मिळाली, पण त्याने अक्षता पडेपर्यंत खिळाच हातात धरला, असं म्हणतात.

आठवड्याने कचेरीचा कागद आला. लूट झाली नाही, सबब घाट झिंगाबाईकडे कायम. कप्तानाचं नाव कागदात नव्हतं. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, “बरं व्हयनं.” झिंगाबाईने मात्र त्या दिवशी चुलीपुढची जागा सोडली आणि फावडं त्याच्या हातात दिलं. “टाक,” ती म्हणाली, “किती टाकशी ते टाक.” ती भाकरी दोन्ही बाजूंनी पाटी होती, आणि तिने ती सगळी खाल्ली.

त्यानंतर चिंचेखाली चीनचा दर्या कमी कमी होत गेला. लोक हट्ट धरत, कप्तान चाचे सांगा. तो सांगायचा, मी कोळसा टाकत होतो. लोक खो खो हसत. त्याने आयुष्यात मारलेली सगळ्यात मोठी थाप म्हणून आमच्या मुलखात हीच गाजली.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. नवापूरकडच्या शाळेत. गाठोडी, ट्रंक आणि टोपलीत कोंडलेली माझी मांजर घेऊन मी शेवटचा घाट उतरलो. सुकाणूवर झिंगाबाई, पुढे कप्तान. झडती बंद झाली होती. पिंजऱ्याचे बांबू कुणाच्या तरी वेलाच्या मांडवाला गेले होते. लोक चढताना तो कुणाकडे बघतही नव्हता. मी म्हणालो, “काय कप्तान, चाचे आता राज्य सोडून गेले वाटतं?” तो नुसता हसला.

पलीकडे नाव टेकली तसा तो उडी मारून आधी खाली उतरला, घोटाभर पाण्यात उभा राहिला, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोजू लागला. एक. दोन. म्हातारीला कडेवर घेऊन उतरवलं, तीन. कुणी घाईने बाजूने उतरलं तर त्याला हाक मारून परत बोलावलं, हात लावला आणि मग सोडलं. सगळ्यांत शेवटी मी. माझ्या खांद्यावर त्याचा तो फावड्याच्या दांड्यासारखा हात क्षणभर जास्त राहिला. मग त्याने टोपलीच्या झाकणावर बोट टेकवलं. आतून मांजर गुरगुरली.

“हाई धरीसन एकोनीस,” तो म्हणाला.

मी गाडीत बसलो. बैल चढाला लागले तेव्हा मागे वळून पाहिलं. झिंगाबाई नाव परत न्यायला ओरडत होती. कप्तान रिकाम्या नावेत चढला होता, आणि वाकून, एकेक फळी उचलून, खाली कुणी राहिलं तर नाही ना, ते बघत होता.